मुरूम: घरगुती उपाय, रोजच्या सवयी आणि बारा आठवड्यांचा धीर

आज सकाळी हनुवटीवर वर आलेला मुरूम काल रात्रीच्या खाण्यामुळे झालेला नसतो. त्याची सुरुवात साधारण आठ आठवड्यांपूर्वी झालेली असते, डोळ्यांना दिसणारही नाही असं काहीतरी छिद्रात अडकलं तेव्हा. घरगुती असोत की विकतचे, मुरमांवरचे बहुतेक उपाय वाया जातात ते हे लक्षात न घेतल्यामुळे. चार दिवस एक लेप लावला, फरक नाही. मग दुसरा, मग तिसरा. महिन्याभरानं मुरूम होते तेवढेच असतात, वर चेहरा सोलवटलेला आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुरणारा.

म्हणून खाली जे सांगितलं आहे त्यात वस्तू कमी आणि वेळ जास्त आहे. सौम्य ते मध्यम मुरमांना हे पुरतं. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा चेहऱ्यावर खड्डे पडायला लागले असतील, तर आधी लेखाचा शेवटचा भाग वाचा आणि घरगुती प्रयोगांत एक आठवडाही घालवू नका.

आत नेमकं काय बिघडतं

त्वचेवरच्या केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठ इथे त्या मोठ्या आणि दाट असतात, म्हणून मुरूमही तिथेच येतात. वयात येताना मुलांमध्ये आणि मुलींमध्येही अँड्रोजेन हार्मोन वाढतात, ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल वाढतं. त्याच काळात छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून छिद्रात बूच बसतं. हीच ती न दिसणारी सुरुवात.

छिद्राचं तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड, उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. त्वचेतलं मेलॅनिन आणि हवेशी संबंध आलेलं तेल यामुळे तो येतो. घासून तो जात नाही आणि घासूही नये. पुढची पायरी क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाच्या जिवाणूची. हा सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो, मुरूम नसलेल्यांच्याही. बूच बसलेल्या छिद्रात त्याला हवं ते मिळतं: तेल भरपूर, ऑक्सिजन कमी. तो वाढला की शरीर प्रतिकार करतं आणि लाली, सूज, पू दिसायला लागतो. छिद्राची भिंत आतल्या आत फुटली तर दाह खोलवर पसरतो, गाठ होते आणि खड्डा पडण्याची भीती तिथेच असते.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. मुरूम अस्वच्छतेमुळे होत नाहीत, तेव्हा दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन ते जाणार नाहीत. दुसरं म्हणजे, आज दिसणाऱ्या पुटकुळीच्या शेजारी पुढच्या महिन्यातल्या पुटकुळ्या तयार होत असतात. औषध फक्त पुटकुळीच्या टोकावर टेकवलं तर त्या तशाच राहतात. काही ठरावीक उपाय सोडले, तर मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा असतो.

आधी पाहा, हे मुरूमच आहेत ना

कपाळावर, केसांच्या कडेला, छातीवर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या असतील, त्यांना खाज येत असेल आणि ब्लॅकहेड एकही दिसत नसेल, तर ते मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे असू शकतं. त्यावर मुरमांची अँटिबायोटिक घेतली तर त्रास उलट वाढतो. तिशीनंतर गाल आणि नाक वारंवार लाल होत असेल, गरम पेय किंवा उन्हानं चेहरा पेटल्यासारखा वाटत असेल, तर रोझेशियाचा विचार करावा लागतो. त्यातही ब्लॅकहेड नसतात.

सगळ्यात जास्त नुकसान होताना दिसतं ते मात्र स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमचं. गोरेपणासाठी, डागांसाठी किंवा कुणीतरी सुचवलं म्हणून लावलेल्या क्रीममध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा मऊ, स्वच्छ, उजळ दिसतो. मग पुटकुळ्यांचं पीक येतं, क्रीम बंद केलं की लाली भडकते, म्हणून ते पुन्हा लावलं जातं, आणि त्वचा पातळ होत जाते. घरात पडलेल्या प्रत्येक ट्यूबवरची घटकांची यादी आजच वाचा. यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ते क्रीम बरेच दिवस चेहऱ्यावर लावत असाल, तर एकदम थांबवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, म्हणजे थांबवल्यावर होणारा त्रास आटोक्यात ठेवता येतो.

पोटात घेतलेली काही औषधंही मुरूम आणतात: स्टिरॉइडच्या गोळ्या, लिथियम, आयसोनियाझिड, फेनिटॉइन, शरीर कमावण्यासाठी घेतलेली हार्मोन. आणि स्त्रियांमध्ये पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि जबड्याच्या कडेनं मुरूम जाता जात नसतील, तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन यांच्याशी संबंधित विकाराची) तपासणी करून घ्यायला हवी. तिथे नुसता चेहऱ्यावरचा उपाय पुरा पडत नाही.

पहिले दोन आठवडे: सगळं बंद, तीनच गोष्टी सुरू

लेप, स्क्रब, टोनर, सीरम, सगळं बाजूला ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध सुरू असेल तर ते अर्थातच चालू ठेवायचं. बाकी फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. हा टप्पा अनेकांना बिनकामाचा वाटतो. पण चिडलेल्या त्वचेवर चांगलं औषधही टिकत नाही, आणि थोड्या जणांची निम्मी लाली तर नुसती छळणूक थांबल्यामुळेच उतरते.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या अंघोळीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. म्हणून चेहऱ्यासाठी साबण नको. सौम्य, सुगंध नसलेला फेसवॉश घ्या. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा, कोरडाठाक वाटला तर तो फेसवॉश तुमच्यासाठी कडक आहे.

धुण्याची पद्धत अशी. आधी हात धुवा. कोमट पाण्यानं चेहरा ओला करा. गरम पाणी नको. बोटांच्या टोकांनी, अजिबात जोर न लावता, अर्धा ते एक मिनिट फेसवॉश फिरवा. केसांची कड, जबड्याखालचा भाग आणि नाकाच्या पाळीजवळची घडी या जागा हमखास राहून जातात. धुतानाही तिथेच फेस राहतो, म्हणून पाणी जास्त वेळ घ्या. मऊ, धुतलेल्या टॉवेलनं टिपा, पुसू नका. हे सकाळी एकदा आणि रात्री एकदा. शिवाय घाम आल्यावर, व्यायाम संपल्यावर लगेच. मधल्या वेळी चेहरा तेलकट वाटला तर टिशू पेपर नुसता टेकवून तेल टिपता येतं.

चेहरा थोडा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. तेल आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. वरून चमकणारी त्वचा आतून कोरडी पडलेली असू शकते, आणि पुढे जे औषध सुरू करायचं आहे ते तिला आणखी कोरडं करणार आहे. जेल किंवा हलकं लोशन घ्या. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, सेरामाइड, नायासिनामाइड हे घटक चालतात. डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असलेलं बरं, पण सगळ्या कंपन्यांसाठी एकच सक्तीची कसोटी त्यामागे नाही, हे लक्षात ठेवून स्वतःच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहा.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा अधिकचं, रोज सकाळी. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढल्या तर चेहरा आणि मानेपुरतं होतं. मुरूम बरा झाल्यावर मागे राहणारा डाग ऊन लागलं की गडद होतो आणि महिनोन् महिने टिकतो. सावळ्या त्वचेला हे जास्त लागू आहे, आणि नेमकी तीच मंडळी सनस्क्रीन टाळतात.

तिसऱ्या आठवड्यापासून: एकच उपाय

आता एक, आणि एकच, उपाय जोडायचा. दोन एकदम सुरू केले तर फायदा कशानं झाला आणि पुरळ कशानं उठलं, दोन्ही कळत नाही. आधी चाचणी घ्या: हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, नाण्याएवढ्या जागी तो पदार्थ दिवसातून दोनदा आठवडाभर लावा. लाली, खाज, फोड काही नसेल तर चेहऱ्याकडे वळा. वनस्पतीपासून आलेल्या गोष्टींसाठीही ही चाचणी हवीच. झाडापासून आलं म्हणजे त्वचेला सोसेल, असं काही नसतं.

नैसर्गिक उपायांत टी ट्री तेलाचा पुरावा सगळ्यांत बरा आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री जेल आणि मुरमांवरचं नेहमीचं औषध, ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. यातला ‘५ टक्के’ हा शब्द विसरून चालत नाही. बाटलीतलं शुद्ध तेल थेट लावलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. ५ टक्के म्हणजे १ थेंब तेलाला १९ थेंब दुसरं काही. ५ मिलीच्या एका चमच्यात साधारण ५ थेंब. शिवाय ते पाण्यात किंवा कोरफडीच्या गरात नीट विरघळत नाही, वर तरंगतं, आणि मग एका जागी शुद्ध तेलच लागतं. म्हणून घरी मिसळण्यापेक्षा ५ टक्क्यांचं तयार जेल घ्यावं हे बरं. बाटली उघडून खूप दिवस झाले असतील, ती उन्हात किंवा हवेत राहिली असेल तर टाकून द्या: जुनं, ऑक्सिडाइज झालेलं तेल ॲलर्जी आणतं. पोटात गेलं तर ते विषारी असतं, तेव्हा मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य लावल्यानं तेल आणि दाह कमी होतो असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण ती ठरावीक प्रमाणाची द्रावणं होती. घरी करायचं तर चहा कडक उकळून पूर्ण गार करा, स्वच्छ कापसानं लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नका. धोका जवळजवळ नाही. फायदा मर्यादित समजा.

कोरफड मुरूम बरे करते यापेक्षा चेहरा शांत करते, असं म्हणणं जास्त खरं ठरेल. ट्रेटिनॉइन या औषधाच्या जोडीला कोरफडीचं जेल दिलं तेव्हा नुसत्या ट्रेटिनॉइनपेक्षा गुण जास्त आला आणि लालीही कमी राहिली, असं एका चाचणीत आढळलं. म्हणजे ती चांगली जोडीदार आहे. ताजं पान वापरत असाल तर कापल्यावर ते थोडा वेळ उभं धरून पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. तो चीक लागला की त्वचेला खाज सुटते. मग पान धुवा, साल काढा आणि फक्त पारदर्शक गर घ्या.

मधाबद्दल मोठ्या आशेनं बोललं जातं. न्यूझीलंडमध्ये १३६ जणांवर कानुका मधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: जंतुनाशक साबणाच्या जोडीला मध लावून काही जास्त फायदा दिसला नाही. लावायला आवडत असेल तर लावा, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. हळद आणि कडुलिंब यांचे जंतू आणि दाह यांवरचे परिणाम प्रयोगशाळेत दिसतात, चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी चांगल्या मोठ्या चाचण्या नाहीत. हळदीचा पिवळा थर खालची लाली झाकतो, त्यामुळे गुण आल्याचा भासही होतो. मुलतानी माती तेल शोषते. आठवड्यातून एकदा, फक्त तेलकट भागावर, पूर्ण वाळून तडे जायच्या आत धुऊन टाकली तर हरकत नाही.

आता दोन घटक, ज्यांना लोक ‘केमिकल’ म्हणून घाबरतात. सॅलिसिलिक ॲसिडचं नाव विलो या झाडावरून आलं आहे, आणि ॲझेलाइक ॲसिड गहू, राय, जव यांसारख्या धान्यांत आढळतं. आज दोन्ही कारखान्यात तयार होतात, आणि त्याचा फायदा असा की प्रमाण पक्कं असतं. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात शिरून बूच सैल करतं, ०.५ ते २ टक्के, ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड जास्त असतील तर हे निवडा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर टाळा. ॲझेलाइक ॲसिड दाह आणि मागे राहणारा डाग दोन्हींवर काम करतं आणि गर्भारपणात वापरता येणाऱ्या थोड्या पर्यायांपैकी आहे. सुरुवातीला थोडं टोचल्यासारखं वाटतं, ते बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. नैसर्गिकाच्या जवळ राहून खात्रीचं काही हवं असेल, तर निवड या दोघांतच करावी असं मला वाटतं.

नैसर्गिक उपाय पुरले नाहीत तर

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीनं २०२४ मध्ये मुरमांवरच्या उपचारांची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. लावायच्या औषधांत सर्वांत ठाम शिफारस बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीची औषधं) यांची आहे. वनस्पतिजन्य उपाय आणि आहार यांबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं तिथे म्हटलं आहे. हे वाचून खट्टू व्हायचं कारण नाही. घरगुती उपायांना कुठवर संधी द्यायची, ते यातून ठरवता येतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं घ्या. लाल मुरमांवर १० टक्क्यांइतकाच गुण येतो आणि चेहरा कमी सोलतो. ते कापडाचा रंग उडवतं: पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा वापरा. ट्यूब गरम जागी, बंद गाडीत ठेवू नका. रेटिनॉइडपैकी ॲडापलीन ०.१ टक्के जेल सौम्य मानलं जातं. काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळतं, काही ठिकाणी चिठ्ठी लागते. रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी अशा जागी ठिपके द्या आणि मग पसरवा. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कडा सोडा. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक रात्र सोडून, मग रोज. सुरुवातीला मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसतात. आत दडलेली बुचं बाहेर येत असतात, म्हणून घाबरून सोडू नका. गर्भार असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड वापरू नका.

लावायची अँटिबायोटिक एकटी, महिनोन् महिने वापरणं चुकीचं आहे. जिवाणू तिला सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड सोबत असलं की हा धोका कमी होतो.

चेहऱ्याला लावू नका

लिंबाचा रस फार आम्लधर्मी, पीएच २ ते २.५. शिवाय लिंबूवर्गीय फळांतली काही द्रव्यं उन्हात त्वचेला भाजल्यासारखे चट्टे आणतात आणि ते काळपट डाग बरेच दिवस राहतात. खाण्याचा सोडा उलट बाजूचा, आम्लता घालवणारा. टूथपेस्टनं मुरूम ‘सुकतो’ कारण आजूबाजूची त्वचा सोलते. कच्चा लसूण आणि व्हिनेगर यांनी खरीखुरी भाजल्याची जखम होऊ शकते. खोबरेल तेल अनेकांची छिद्रं बुजवतं. अक्रोडाच्या टरफलाचे किंवा साखरेचे खरखरीत स्क्रब पिकलेल्या मुरमांवर फिरवणं म्हणजे दाह पसरवणं.

एखादा मुरूम ठणकत असेल तर

खोल, तोंड नसलेली गाठ असेल तर स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून पाच ते दहा मिनिटं धरा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा एकदा धरा. सूज आणि ठणका उतरतो. वर पांढरं तोंड दिसायला लागल्यावर बर्फ नको. स्वच्छ कापड गरम पाण्यात भिजवून, पिळून, सोसेल इतकं ऊबदार असताना दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. आपोआप फुटला तर धुऊन वर हायड्रोकोलॉइडची छोटी पट्टी चिकटवा. ती ओल शोषून घेते, आणि तितकीच मोठी तिची कामगिरी म्हणजे तुमचं बोट तिथे पोचू देत नाही.

फोडू नका. दाबल्यावर पू जितका बाहेर येतो, तितकाच आत ढकलला जाऊ शकतो. भिंत फुटते आणि खड्ड्याची पायाभरणी होते. नाक आणि वरचा ओठ यांच्या भागातल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी असतो. तिथला संसर्ग आत पसरणं अत्यंत विरळा, पण घडलं तर गंभीर असतं. लग्न, मुलाखत असं काही तोंडावर असेल आणि मोठी गाठ आली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ त्यात सौम्य स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. गाठ दोन-तीन दिवसांत बसते.

केस, उशी, घासणं

कपाळावर आणि कानशिलांवरच मुरूम येत असतील तर केसांना लावायच्या तेलाकडे, जेलकडे पाहा. तेल केसांच्या टोकांना लावा, रात्री केस बांधून झोपा, आणि कंडिशनर धुऊन झाल्यावर चेहरा व पाठ सगळ्यात शेवटी धुवा. हेल्मेटचा पट्टा, मास्क, पाठपिशवीचे बंद, व्हायोलिनची हनुवटी टेकायची जागा, असं कुठेही सतत घासत असेल तर तिथल्या तिथे मुरूम उठतात. पट्ट्याखाली मऊ सुती कापड आणि वापरानंतर लगेच धुणं. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. मेकअपचे ब्रश आठवड्याला एकदा धुवा.

खाण्यापिण्याचं काय

तेलकट खाल्ल्यानं चेहरा तेलकट होतो, असं इतकं सरळ नाही. रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारं खाणं मात्र संशयाच्या घेऱ्यात आहे. अशा खाण्यानं इन्सुलिन आणि आयजीएफ-१ हे वाढीशी संबंधित हार्मोन वाढतं आणि ते तेलग्रंथींना चेतवतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम जास्त कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला, हे सुटं करता येत नाही. दूध, विशेषतः साय काढलेलं, आणि मुरूम यांचा संबंध बऱ्याच पाहण्यांत दिसला आहे. व्यायाम करणाऱ्यांनी व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनांची पावडर) सुरू केल्यावर मुरूम वाढल्याच्याही नोंदी आहेत.

करायचं ते असं: गोड पेयं आणि मैद्याचे पदार्थ कमी करा, कारण त्यात तोटा कुणाचाच नाही. व्हे प्रोटीन घेत असाल तर बारा आठवडे बंद करून पाहा. दूध सगळ्यांनी सोडायची गरज नाही. सोडायचंच ठरवलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं दुसरीकडून मिळतील हे पाहा, विशेषतः वाढत्या वयात. भरपूर पाणी प्यायल्यानं मुरूम जातात याला ठोस आधार नाही. पालकांना एक कळकळीची विनंती: पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटाकडे बोट दाखवून “खा अजून, मग येतातच पुटकुळ्या” असं म्हणू नका. तिच्या हातात नसलेल्या हार्मोनचा दोष तिच्या जिभेवर जातो, आणि जेवणाशी असलेलं नातं बिघडतं.

ताणानं मुरूम वाढतात हे मात्र खरं. स्टॅनफर्डच्या २००३ सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे मुरूम परीक्षेच्या दिवसांत वाढलेले दिसले. त्या दिवसांत ताण घालवणं कुणाच्या हातात नसतं, पण रात्री चेहरा धुऊन औषध लावणं असतं.

बारा आठवडे मोजायचे कसे

रोज आरशात जवळून पाहून काही कळत नाही, मन तेवढं खचतं. उपाय सुरू करायच्या दिवशी खिडकीजवळ, त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग दर चार आठवड्यांनी तसेच. चौथ्या आठवड्यात फारसा फरक नसतो. आठव्यात नवे मुरूम कमी यायला हवेत. जुने डाग तेव्हाही असणार, ते मोजू नका. बाराव्या आठवड्यात निम्म्याच्या आसपास उतार असेल तर तेच चालू ठेवा. काहीच नसेल तर उपाय बदला. मुरूम गेल्यावरही औषध लगेच सोडायचं नाही, कारण बुचं बसणं थांबलेलं नसतं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालू राहू दे.

डाग आणि खड्डे यांत गल्लत होते. बोट फिरवलं तर सपाट लागतो तो डाग, लाल किंवा तपकिरी. सनस्क्रीन, ॲझेलाइक ॲसिड आणि काही महिने यांनी तो फिका होतो. बोटाला खोलगट लागतो तो खड्डा. कोणत्याही लेपानं किंवा तेलानं तो भरत नाही. त्यासाठी मायक्रोनीडलिंग, लेसर, सबसिजन असे उपचार असतात, आणि तेही मुरूम पूर्ण आटोक्यात आल्यावरच.

डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

खोल दुखऱ्या गाठी, नवे खड्डे, घरात कुणाला खड्डे पडणाऱ्या मुरमांचा इतिहास, अचानक मोठ्या प्रमाणात उठलेले मुरूम, पाळीच्या तक्रारी, किंवा बारा आठवडे नीट करूनही शून्य फरक: यांपैकी एक असलं तरी जा. चेहऱ्यामुळे घराबाहेर पडणं, फोटो काढणं, लोकांशी बोलणं टाळायला लागला असाल तर मुरूम मोजून चारच असले तरी जा. ते पुरेसं कारण आहे आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

गंभीर मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात, आणि त्या अनेकांचा आजार कायमचा संपवतात. त्यांनी गर्भात गंभीर व्यंग येतं, म्हणून स्त्रियांना त्या गर्भधारणा नसल्याची खात्री करून आणि खात्रीशीर गर्भनिरोधनासहच दिल्या जातात, रक्ततपासणीही लागते. ओळखीच्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या कधीही घेऊ नका.

जाताना मेकअप न लावता जा. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, बाटल्या एका पिशवीत घालून न्या, लाज वाटते म्हणून लपवलेलं क्रीमसुद्धा. डॉक्टर नावांपेक्षा घटक पाहतात. दर चार आठवड्यांनी काढलेले ते फोटो न्या, सगळ्यात वाईट दिवसाचा एक त्यात असू द्या, कारण नेमकं भेटीच्या दिवशी चेहरा बरा असतो. पोटात घेत असलेल्या गोळ्या, इंजेक्शन, व्यायामशाळेतल्या पावडरी यांची यादी लिहून ठेवा. गर्भार असाल, बाळाला पाजत असाल किंवा येत्या वर्षभरात मुलाचा विचार असेल, तर डॉक्टर चिठ्ठी लिहायला घेण्याआधी ते सांगा.